बादलीतला हिवाळा

ऑक्टोबरच्या उकाड्यात बाई स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली आहे, समोरच्या बादलीत बर्फाचे खडे तरंगत आहेत आणि ती त्यात माशाच्या आकाराचे रंगीत प्लास्टिक बुडवून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत आहे, हे दृश्य पाहून आमच्या वरळीच्या घरी येणाऱ्या माणसाला माझी काळजी वाटणे स्वाभाविक आहे. गेली चार वर्षे थंडीचे दिवस मी न्यू जर्सीत मुलाकडे काढते. तिथल्या गोड्या पाण्याच्या जलाशयांवर बास आणि पाईक या दोन माशांसाठी गरवायला जाते, आणि निघण्यापूर्वी लूरची, म्हणजे खोट्या आमिषांची, पेटी त्या पाण्याला साजेशी करून घेते. त्या जलाशयांचे पाणी चार-पाच अंशांवर आलेले असते आणि माझ्या नळाला तानसा-वैतरण्याचे कोमट पाणी येते, म्हणून बर्फ.

गरीची सवय वडिलांची. वरळीच्या खडकांवर भरतीच्या वेळी ते तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, आणि कोळंबी घेऊन बसत, आणि मी पुढे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले तरी रविवारची भरती सहसा चुकवली नाही. लूर माझ्या हाती बरेच उशिरा आले. जिताड्यासाठी ते फेकायला शिकले तेव्हा जे अंगात मुरले ते असे, की लाट परतण्याच्या आत रीळ गरागरा फिरवायचे, लूर पळत राहिले पाहिजे, थांबले तर खडकात अडकेल. आपल्या किनाऱ्याचे पाणी ऐन जानेवारीतही पंचविशीच्या आसपास असते, त्यामुळे मासा पाठलाग करतो आणि या घाईला फळ येते. हीच घाई घेऊन मी पहिल्या डिसेंबरात क्लिंटन गावाजवळच्या स्प्रूस रन जलाशयावर गेले आणि तीन दिवस सकाळपासून दुपारपर्यंत पाणी घुसळत राहिले. एकही मासा लागला नाही. चौथ्या दिवशी बोटे इतकी बधिर झाली की हातमोजा घालण्यासाठी मी रीळ मध्येच सोडून दिले, आणि मोजा चढवून रॉड उचलला तर दुसऱ्या टोकाला काहीतरी जड होते. तो दीड हाताचा पाईक होता. पाण्याच्या काठापर्यंत आला, एकदा मान झटकली आणि नायलॉन कापून निघून गेला. कापलेल्या टोकाला हात लावला तेव्हा ते वस्तऱ्याने छाटल्यासारखे सपाट लागले. लूर चालत असताना कोणी विचारले नाही आणि ते मेल्यासारखे पडून राहिले तेव्हा मासा आला, हे त्या दिवशी कळले. या दोन्ही माशांसाठी थंड पाण्यात लूर निवडताना मी आजही पहिला प्रश्न तोच विचारते: हे माशाच्या तोंडासमोर किती वेळ काहीही न करता राहू शकेल?

यामागचे कारण माशाच्या पोटात आहे. माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याइतकेच असते. पाणी थंड झाले की त्याचे पचन मंदावते, स्नायू मंदावतात, आणि एकदा खाल्लेले भक्ष्य पोटात कितीतरी दिवस पुरते. दूरवर पळणाऱ्या भक्ष्यामागे धावून जितकी शक्ती खर्च होईल तितकी त्या घासातून परत मिळण्याची खात्री नसल्याने तो धावतच नाही. मात्र बास आणि पाईक यांना एकाच मापाने मोजू नये. बास हा मुळात उबेचा मासा आहे. पाणी दहा अंशांखाली गेले की तो खोल उतारांवर, बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांशी थव्याने स्थिरावतो, आणि त्याची वीण पाणी १५-१६ अंशांच्या वर गेल्यावर सुरू होते. पाईक थंडीला सरावलेला आहे. बर्फाखालीही तो खातो, आणि बर्फ वितळल्याबरोबर, पाणी अजून हात लावू देत नाही अशा वेळी, उथळ पाणवनस्पतींत अंडी घालायला येतो. त्यामुळे एकाच दुपारी एकाच जलाशयावर बाससाठी खोल पाण्यात नखाएवढी हालचाल करावी लागते आणि पाईकसाठी कंबरभर पाण्यात वीतभर लांबीचे लूर फिरवावे लागते.

हे खोल आणि उथळ पाण्याचे कोडे सोडवताना मला वर्गातला जुना धडा उपयोगी पडला. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते. शरदात वरचा थर थंड होत तळाशी जातो आणि सगळे पाणी ४ अंशांवर आले की पुढे आणखी थंड होणारा थर हलका होऊन वरच राहतो व गोठतो; म्हणून ऐन हिवाळ्यात तळाचे पाणी पृष्ठापेक्षा उबदार असते. तीस वर्षे मी फळ्यावर ही आकृती काढली, पण तळाशी मासे काढायचे कधी सुचले नव्हते. मार्चमध्ये चित्र पुन्हा पालटते. उत्तरेकडच्या काठावरच्या, दिवसभर ऊन खाणाऱ्या, काळ्या गाळाच्या उथळ कोपऱ्यांत दुपारपर्यंत पाणी दोन-तीन अंशांनी चढते आणि पाईक तिथे येतो. सकाळी सहाला उठून जाण्याची आपली किनाऱ्यावरची शिस्त तिथे निरुपयोगी ठरते. मी आता जेवून निघते.

पेटीत पहिला मान सस्पेंडिंग जर्कबेटला. लांबट, चपट्या अंगाचे, तोंडाशी छोटी पारदर्शक जीभ असलेले हे लूर ओढले की खाली बुडी मारते आणि ओढणे थांबवले की ना वर येते ना खाली जाते, पाण्याच्या मधोमध अधांतरी थांबते. रॉडचे टोक पाण्याकडे झुकवून दोन छोटे झटके द्यायचे, तंगूस लगेच ढिली सोडायची आणि थांबायचे. किती थांबायचे, यावरच सगळे आहे. दहा अंशांच्या पाण्यात पाच-सहा सेकंद पुरतात. चार-पाच अंशांत मी वीस-तीस सेकंद थांबते, आणि एवढा वेळ काही न करणे माझ्या हाताला मानवत नसल्याने मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणते. ‘एकोणतीस दाहे दोनशे नव्वद’ झाल्यावरच पुढचा झटका. बहुतेक बास पाढ्याच्या उत्तरार्धात लागतात. झटका मुळीच बसत नाही; तंगूस थोडी बाजूला सरकते किंवा पुढच्या ओढीला ओला टॉवेल अडकल्यासारखे वाटते, इतकेच. अमेरिकेच्या दक्षिणेकडील जलाशयांत थ्रेडफिन शॅड नावाचे चंदेरी मासे कडक थंडीत गारठून मरतात आणि मरताना असेच दोन झटके देऊन निपचित पडतात. बासला या हालचालीची इतकी भूल का पडते, हे त्यावरून समजते. जखमी माशाच्या चालीवर शिकारी मासा झडप घालतो हे फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी तलावावर पाहून हेरले होते, आणि १९३६ मध्ये बुचाच्या लाकडातून कोरलेल्या त्यांच्या पहिल्या लूरला चकाकी आणली ती चॉकलेटच्या वर्खाने. आज पाचपन्नास डॉलरांची लूर पाहताना मला तो वर्ख आठवतो आणि मी पाकीट परत पर्समध्ये ठेवते.

आता बादलीकडे. ‘सस्पेंडिंग’ असे खोक्यावर छापलेले असले तरी ते कोणत्या तापमानाच्या पाण्यात, हे छापलेले नसते. २५ अंशांच्या पाण्यात अगदी अधांतरी राहणारे १४ ग्रॅमचे लूर ४ अंशांच्या अधिक घन पाण्यात, नुसत्या घनतेच्या हिशेबाने, सुमारे ४० मिलिग्रॅमने हलके ठरून वर यायला हवे. हा हिशेब मी पहिल्या वर्षी कागदावर मांडला, सगळ्या लूरना आगाऊ वजन लावले आणि तिथे जाऊन पाहते तर तीनांपैकी दोन दगडासारखी तळाशी. मी विसरले होते ते असे, की थंडीत प्लास्टिकही आकसते. आकारमान घटले की लूरने बाजूला सारलेले पाणीही घटते आणि ते जड होते. या दोन परस्परविरोधी परिणामांपैकी कोणता वरचढ ठरेल हे प्लास्टिकच्या जातीवर आणि लूरच्या घडणीवर अवलंबून असल्याने कागदावर सुटत नाही. प्रत्येक लूर थंड पाण्यात बुडवूनच पाहावे लागते. पदार्थविज्ञानाच्या शिक्षिकेने हे प्रयोगाआधी विसरावे, याची लाज अजून वाटते.

बर्फ मला आमच्या मागच्या वरळी कोळीवाड्यातले एक नाखवा देतात. होडीसाठी आणलेल्या लादीचा कोपरा फोडून गोणपाटात गुंडाळून पाठवतात. पहिल्यांदा स्वतः आले तेव्हा बादलीत डोकावून म्हणाले, “बाई, मासा निजलाय काय तुमचा?” मी म्हटले, “नाखवा, जागाच आहे, पण त्याला उठायचा कंटाळा आहे.” ते बराच वेळ उभे राहून पाहत होते.

बर्फ टाकून पाणी ढवळावे, मत्स्यालयाच्या थर्मामीटरने ४-५ अंश झाले की उरलेले खडे काढून टाकावेत, आणि पुन्हा ढवळावे. न ढवळता मोजले तर वर एक आकडा आणि तळाशी दुसरा, असा आख्खा जलाशय बादलीत उतरलेला दिसतो. लूर पाण्यात दहा मिनिटे तरी मुरू द्यावे, नाहीतर ते स्वतः अजून उबदारच असते. गळ, कडी आणि पुढचा लीडर, म्हणजे तंगूस आणि लूर यांच्यामधला तारेचा तुकडा, जोडूनच परीक्षा घ्यावी, कारण या सगळ्याचे वजन नाकाशी येते. मग ते पाण्याखाली धरून अंगठ्याने अंगावरचे आणि गळांच्या बेचक्यांतले हवेचे बुडबुडे पुसायचे, हळूच सोडायचे आणि मिनिटभर श्वास रोखून पाहायचे. एक बुडबुडा राहिला तरी निकाल खोटा ठरतो. वर येणाऱ्या लूरच्या पुढच्या तिहेरी गळाच्या दांड्याला मी लॅमिंग्टन रोडवरून आणलेली सोल्डरची बारीक तार गुंडाळते. ०.८ मिलिमीटर जाडीच्या तारेचा एक सेंटीमीटर तुकडा साधारण ३५ ते ४० मिलिग्रॅम भरतो, म्हणजे दोन-तीन वेढ्यांत काम होते. तार शिसेविरहित घ्यावी. शिसे गिळून तिकडचे लून पक्षी मरतात आणि ईशान्येकडील काही राज्यांत शिशाच्या लहान वजनांवर बंदी आहे. बुडणाऱ्या लूरचा मागचा गळ काढून एक आकडा लहान लावते. लूर आडवे, नाक किंचित खाली, आणि जागचे हलत नाही, अशी स्थिती आली की पोटावर पक्क्या शाईने तापमान लिहून ठेवते. माझ्याकडे आज ‘४’, ‘७’ आणि ‘१०’ अशी सात लूर आहेत. काही जण किंचित वर येणारी पसंत करतात, आणि बुडालेल्या गवतावरून फिरवताना ते योग्यही आहे. मला मात्र लूर थांबलेलेच हवे.

जर्कबेट पाच-सहा फुटांखाली सहसा जात नाही. बास पंचवीस फुटांवर असेल तर ब्लेडबेट किंवा जिग काढावे लागते. ब्लेडबेट म्हणजे पोटाशी वजन ओतलेली माशाच्या आकाराची धातूची पट्टी. उचलली की थरथरते आणि ती थरथर रॉडच्या मुठीपर्यंत येते. नवशिक्याची चूक एकच, ती हातभर उचलणे. वीतभर उचलावी आणि तंगूस जेमतेम ताठ ठेवून खाली जाऊ द्यावी, कारण मासा ती खाली जातानाच घेतो आणि पूर्ण ढिल्या तंगुसावर ते कळतच नाही. जिग म्हणजे डोक्याशी वजन ओतलेला गळ, आणि त्याला मागे रबरी शेपूट लावण्याची पद्धत आहे. थंडीत हे रबर ताठर होऊन लाकडासारखे पडून राहते, म्हणून हातात अगदी लिबलिबीत लागेल तेच घ्यावे. मी तर सरळ माराबूच्या पिसांचे जिग वापरते. माराबू हे मुळात एका करकोच्याचे नाव, पण आज या नावाने मिळणारी पिसे टर्कीची असतात. जिग तळावर निश्चल असतानाही ही पिसे आपोआप श्वास घेतल्यासारखी हलतात, आणि काहीही न करता काहीतरी घडत राहणे, हेच तर या पाण्यात हवे असते.

पाईकसाठी पेटीचा दुसरा कप्पा आहे आणि त्यातले सगळे मोठे आहे. या माशाचा जबडा बदकाच्या चोचीसारखा चपटा, आत मागे वळलेले दात, आणि डोळे डोक्याच्या माथ्याकडे, त्यामुळे तो वर पाहतो. लूर त्याच्या खालून गेले तर वाया गेले. पंधरा सेंटीमीटरचे लूर पाहून इकडचे लोक हसतात, पण थंडीत पाईक एक मोठा घास घेऊन निवांत राहणे पसंत करतो. सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे स्पून, चमच्याच्या पात्यासारखा वाकवलेला धातू. ज्युलिओ ब्यूएल नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १८५२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. नावेत जेवताना चमचा पाण्यात पडला आणि त्यावर मासा झेपावला, अशी आख्यायिका त्यांच्याविषयी सांगतात. थंडीत स्पून पातळ पत्र्याचा घ्यावा. जाड स्पून वेगाने ओढला तरच डोलतो, पातळ स्पून मात्र रीळ थांबवल्यावर पिंपळपानासारखा हेलकावत खाली जातो, आणि तो हेलकावा पाईकला सोसवत नाही. लाल-पांढरा रंग जुना म्हणून त्याला नाके मुरडू नयेत. रंगाविषयी एरवी मी फार बोलत नाही: हिवाळ्यात शेवाळ मरून पाणी नितळ होते तेव्हा फिके, अर्धपारदर्शक लूर, आणि पावसाने गढूळ झाले की भडक पोपटी किंवा केशरी, एवढ्यावर माझे भागते.

पहिल्या पाईकने शिकवलेला धडा लीडरचा. दातांसाठी लूरच्या पुढे पोलादी तारेचा वीतभर तुकडा हवाच. पण जाड तारेने जर्कबेटचे नाक खाली जाते आणि बादलीतली सगळी मेहनत फुकट जाते, म्हणून जर्कबेटला मी बारीक टायटॅनियमची तार लावते आणि स्पूनला साधी पोलादी. पाईक बऱ्याचदा लूरमागे काठापर्यंत येतो आणि तिथे नुसता पाहत राहतो. अशा वेळी लूर पाण्याबाहेर न काढता रॉडच्या टोकाने पायाशी इंग्रजी आठाचा आकडा काढावा. माझे हृदय सर्वांत जोरात धडधडते ते तेव्हाच.

लागलेला पाईक मी सोडते. तो तिथला मूळ रहिवासी नाही, हॅकेट्सटाउनच्या सरकारी मत्स्यबीज केंद्रात वाढवून या जलाशयात सोडलेला आहे, आणि सुनेच्या घरात वास चालत नाही हेही एक कारण आहेच. गळांची उलटी अणी पक्कडीने दाबून ठेवली आणि हातभर लांबीचा चिमटा जवळ असला तर मासा पाण्यातच मोकळा होतो. हवा शून्याखाली असेल तर त्याला बाहेर धरून फोटो काढण्याचा हट्ट करू नये, त्याचे कल्ले गारठतात. आपल्यासाठीही दोन गोष्टी. विणलेली दोरी पाणी धरून ठेवते आणि ते रॉडच्या कड्यांत गोठते, म्हणून कडाक्याच्या दिवशी एकेरी तंगूस बरी. आणि नावेत बसायचे असेल तर जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय पाऊल ठेवू नये; त्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटाला श्वासच हातात राहत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्याचाही.

या वर्षीची लूर परवा बादलीतून काढून वाळत घातली होती, तेव्हा नाखवा बर्फाच्या गोणपाटासाठी आले आणि त्यातले एक बोटांत फिरवत म्हणाले, “बाई, हे एक जिताड्याला द्या की.” मी सांगितले की खाडीच्या खाऱ्या पाण्यात ते थांबणार नाही, वर येईल. खारे पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते, म्हणजे १४ ग्रॅमच्या लूरला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास वजन वाढवावे लागेल, नऊ-दहा सेंटीमीटर तार. त्यांनी ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धक्क्यावरून पाच लिटरच्या कॅनमध्ये समुद्राचे पाणी भरून आणले. आम्ही बादली धुतली, ते पाणी ओतले आणि पोटावर ‘१०’ लिहिलेले लूर सोडले. ते बुचासारखे वर आले. मी तार कापून गुंडाळू लागले; दोन्ही गळांवर मिळून सात सेंटीमीटर झाली आणि लूर थांबले. पावसाळा सरून फार दिवस झालेले नाहीत, किनाऱ्याच्या पाण्यात अजून गोडे मिसळलेले असणार, असे मी म्हटले. नाखवा बादलीवर वाकून म्हणाले, “थांबा बाई, बुडबुडा राहिलाय,” आणि त्यांनी अंगठ्याने तो पुसला.